पाचोळ्याची पतपेढी



नागपूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? संत्री आणि संत्र्याची बर्फी, झिरो माइलचा दगडी खांब, दीक्षाभूमीचा पांढराशुभ्र स्तूप, आणि हो, मे महिन्यातलं ते ऊन! पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तरी इथला माणूस घाम पुसत म्हणतो, "आज जरा तापलंच नाही का?"

आज मात्र मी तुम्हांला एक वेगळं नागपूर दाखवणार आहे. ते पाहायला तिकीट लागत नाही. फक्त मान खाली घालून चालावं लागतं, कारण हे नागपूर आपल्या पायांखाली आहे. ते आहे मातीत.

दर वर्षी जुलै उजाडला की आपल्याकडे वृक्षारोपणाची धांदल सुरू होते. शाळेत, टेकडीवर, रस्त्याच्या कडेला खड्डे खणले जातात. तुम्हीही कधीतरी एखादं रोप लावलं असेलच. महाराष्ट्रात १ जुलै २०१६ या एकाच दिवशी २ कोटी रोपं लावायचा संकल्प सरकारनं सोडला होता. मग २०१७ साठी ४ कोटी, २०१८ साठी १३ कोटी आणि २०१९ साठी तर ३३ कोटी, असे आकडे ठरले. केवढे मोठे आकडे, नाही?

पण गंमत अशी की, रोपं मोजणं सोपं असतं. लावली की मोजली! त्याच जागी तीन-चार वर्षांनी जाऊन बघितलं तर काय दिसतं? कुठे रोपं आपल्या डोक्याच्या वर गेलेली असतात. कुठे मात्र तीच रोपं, तेवढ्याच वयाची, कंबरेएवढीच राहिलेली असतात. खालची पानं पिवळट, फांद्या काटकुळ्या. पाणी घातलेलं असतं, कुंपण केलेलं असतं, शेळ्यांपासूनही राखलेलं असतं. मग घोडं अडतं कुठे?

याचं उत्तर शोधायला आपण आज फिरायला निघू या. आधी सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर जाऊ, मग शहराबाहेर खापा गावाजवळ, आणि शेवटी परत आपापल्या अंगणात.

टेकडीच्या पोटात काय आहे?

फुटाळा तलावाजवळची ही टेकडी. इथे पाद्री होण्याचं शिक्षण देणारी सेंट चार्ल्स सेमिनरी आहे, म्हणून तिचं नाव पडलं सेमिनरी हिल्स. सकाळी इथे फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. आपण मात्र टेकडी जिथे कापलेली किंवा खोदलेली दिसेल, तिथे थांबू. नीट बघा हं. सगळ्यांत खाली काळा कातळ. हा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. सह्याद्री याच कातळाचा आहे. त्याची पूर्वेकडची कड नागपूरच्या आसपास येऊन संपते. कातळाच्या वर तांबूस, भुसभुशीत मुरूम, म्हणजे कुजका दगड. आणि सगळ्यांत वर मातीचा पातळसा थर. कुठे वीतभर, कुठे तर चार बोटंच!

मग बाकीची माती गेली कुठे? पावसानं ती खाली वाहून नेली. टेकडीवरचे बारीक कण हजारो वर्षं वाहत वाहत सखल भागात साचले. तिथे तयार झाली आपली काळी कसदार जमीन, जिच्यात विदर्भाची पऱ्हाटी डोलते. (पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगितलं बरं का!) मातीचा अभ्यास करणारी एक मोठी संस्था नागपुरात अमरावती रस्त्यावरच आहे. तिचं नाव भलं लांबलचक आहे : राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो. १९७६ साली स्थापन झालेली ही संस्था सगळ्या देशातल्या मातीचे नकाशे तयार करते.

आता एक कोडं. या काळ्या दगडात लोह आहे, चुना आहे, पालाश आहे, थोडं स्फुरदही आहे. दगड झिजला की हे सगळं हळूहळू झाडाला मिळतं. पण झाडाला भरपूर प्रमाणात लागणारी एक गोष्ट या दगडात जवळजवळ नाहीच. ती म्हणजे नत्र, म्हणजेच नायट्रोजन. पानं हिरवी करणारं हरितद्रव्य नत्राशिवाय बनत नाही. प्रथिनं बनत नाहीत. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं. म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. घरात धान्य कमी असलं की आई आधी मुलांना वाढते, तसंच!

दगडात नाही, मग नत्र येतं कुठून?

भरलेलं ताट आणि बांधलेले हात

हवेतून! आपण श्वास घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. १७७२ साली डॅनियल रदरफर्ड या स्कॉटिश शास्त्रज्ञानं तो शोधला. म्हणजे झाड आपल्या अन्नाच्या समुद्रात उभं असतं. पण ते त्यातलं कणभरही खाऊ शकत नाही. हवेतल्या नायट्रोजनचे दोन-दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की त्यांना सोडवणं झाडाच्या ताकदीबाहेरचं असतं. खताच्या कारखान्यात हे काम करायला ४०० ते ५०० अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. नागपूरचा मे महिनासुद्धा त्यापुढे थंडगार!

आणि हेच काम मातीतले काही जिवाणू बिनबोभाट, साध्या तापमानाला करतात. आहे की नाही कमाल?

त्यातले रायझोबियम नावाचे जिवाणू शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर गाठी करून राहतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला नत्र देतात. १८८८ साली बायरिंक या डच शास्त्रज्ञानं गाठींमधले हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. पण आपल्या शेतकऱ्यांना, कारण माहीत नसलं तरी, परिणाम माहीत होता. पऱ्हाटीच्या ओळींमध्ये तुरीची ओळ घालण्याची विदर्भातली रीत जुनीच आहे. आता सोयाबीन पेरताना बियाण्याला काळपट भुकटी चोळतात, ती पाहिलीत का? त्या पाकिटात हेच जिवाणू असतात. अॅझोटोबॅक्टर नावाचे दुसरे जिवाणू मुळांत घर न करता मातीत मोकळे राहून हेच काम करतात. आभाळातली वीजही थोडं नत्र पावसाबरोबर खाली पाठवते, पण मोठं काम जिवाणूंचंच.

टेकडीवर लावलेल्या झाडांपैकी शिरीष, करंज, खैर, बाभूळ आणि शिसव यांच्या मुळांवर अशा गाठी असतात. साग, कडुनिंब, आवळा यांच्या मुळांवर नसतात. आणि आता एक फसवा प्रश्न : बहावा, चिंच आणि गुलमोहर या तिघांनाही शेंगा येतात. मग त्यांच्या मुळांवरही गाठी असणार ना? नाही! शेंगवर्गीय असूनही या झाडांना गाठींची विद्या येत नाही. उन्हाळ्यात बहावा सोन्यासारखा फुलतो, पण नत्रासाठी त्याला शेजाऱ्यांकडेच बघावं लागतं.

देवघेव कशी चालते?

शेजारी नत्र देतो तरी कसा? पिशवीत घालून नव्हे. तो देतो पानांमधून.

पान गळण्यापूर्वी झाड त्यातलं साधारण निम्मं नत्र परत खोडात ओढून घेतं. उरलेलं नत्र पानासोबत जमिनीवर पडतं. मग येतात वाळवी, गांडुळं, गोगलगायी, बुरश्या आणि जिवाणू. पान कुरतडलं जातं, कुजतं. त्यातल्या प्रथिनांतलं नत्र आधी अमोनियाच्या रूपात सुटतं. जिवाणूंची दुसरी टोळी त्याचं नायट्रेट करते. ते पाण्यात विरघळतं आणि मुळं ते पिऊन टाकतात. पुन्हा पान, पुन्हा पाचोळा, पुन्हा मूळ. वर्गात नत्रचक्राची आकृती काढली की मुलं बाण पाठ करतात. पण टेकडीवर त्यातला एकेक बाण खरोखर सरपटताना दिसतो!

जुन्या जंगलाची ही पतपेढी भरलेली असते. शंभर वर्षांच्या पाचोळ्यानं तिच्यात ठेव जमा केलेली असते. झाड दर वर्षी काढतं आणि दर वर्षी भरतं. पण नुकत्याच लावलेल्या रोपवनाचं खातं नवं असतं. रोपाला पानं ती किती? ती गळून माती किती सुधारणार? पहिली काही वर्षं रोप फक्त काढतच असतं, भरत नसतं. आणि खातं तर आधीच रिकामं, कारण टेकडीवर माती चार बोटं!

त्यात तीन चोर टपलेले असतात. पहिला चोर पाऊस. नागपुरात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. नायट्रेट मातीच्या कणांना चिकटून राहत नाही. उघडी, खणलेली जमीन असेल तर ते पाण्याबरोबर खाली निघून जातं. दुसरा चोर साचलेलं पाणी. काळ्या चिकट मातीत पाणी तुंबलं की हवेविना जगणारे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र पुन्हा हवेत सोडून देतात. तिसरा चोर कोण, ते थोड्या वेळानं सांगते.

आणखी एक अडचण म्हणजे सगळ्या पानांचा पाचोळा सारखा नसतो. गिरिपुष्पाचं कोवळं पान नत्रानं भरलेलं असतं, ते झटपट कुजतं. सागाचं पान मोठं, जाड, खरखरीत असतं आणि त्यात नत्र कमी. ते कुजवताना जिवाणूंचंच पोट भरत नाही. मग ते मातीतलं होतं नव्हतं तेही नत्र स्वतःच खाऊन टाकतात. काही काळ झाडाला उपाशीच राहावं लागतं. म्हणून एकट्या सागाची रांगच्या रांग लावण्यापेक्षा शिसव, शिरीष, करंज अशी सोबत दिली तर टेकडी लवकर सावरते.

दगडावर माती उगवते तेव्हा

तुम्ही म्हणाल, "बाई, पण जिथे चार बोटंसुद्धा माती नाही, तिथे काय?"

अशी जागा पाहायला आपण नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात जाऊ. कन्हान नदीकाठच्या खापा गावाजवळ गुमगावची मँगनीजची खाण आहे. (वर्धा मार्गावर बुटीबोरीच्या अलीकडे गुमगाव नावाचं स्टेशन आहे, ते हे नव्हे. नाहीतर चुकीच्या गाडीत बसाल!) बेसाल्टचं राज्य मागे पडलं. इथला खडक त्याहून कितीतरी जुना आहे. पोलाद बनवायला मँगनीज लागतं. ते काढणाऱ्या मॉईल या सरकारी कंपनीचं मुख्यालय नागपुरातच आहे. खाणीत कोणालाही सहज जाता येत नाही, म्हणून आपण मनानंच जाऊ.

खनिजापर्यंत पोहोचायला आधी वरचा दगड काढावा लागतो. तो एका बाजूला टाकत गेलं की त्याचे डोंगर होतात. या डोंगरात मातीचा पत्ता नाही, नत्र नाही, गाठी करणारे जिवाणू नाहीत, पाचोळा नाही. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो आणि पावसात त्याची धूळ नदी-नाल्यांत, शेतांत जाते. नुसतं रोप खोचून इथे काय होणार?

हे काम नागपूरच्याच 'नीरी'नं हातात घेतलं. नीरी म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. ती १९५८ साली सुरू झाली आणि १९७४ पासून या नावानं ओळखली जाते. तिथल्या शास्त्रज्ञांनी विचार केला की, रोप लावण्याआधी देवघेव सुरू करायला हवी. म्हणून त्यांनी खड्ड्यात तीन गोष्टी घातल्या. पहिली, प्रेसमड. साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर जो गाळ उरतो तो. कारखान्याला नकोसा, पण जिवाणूंना मेजवानी! दुसरी, रायझोबियम आणि अॅझोटोबॅक्टर हे आपले ओळखीचे जिवाणू. आणि तिसरी, मुळांशी दोस्ती करणारी एक बुरशी. तिचे केसांहून बारीक धागे दगडांच्या फटींत शिरतात आणि मुळं पोहोचत नाहीत तिथून पाणी व स्फुरद आणून देतात.

मग त्या ढिगाऱ्यावर साग, शिसव अशी झाडं लावली. ती जगली, वाढली. त्यांची पानं गळली, कुजली आणि दगडावर काळपट मातीचा थर धरू लागला. पुढे डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशीच रीत कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर १० हेक्टर जागेत वापरली. त्यावरचा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. तिथे प्रेसमडऐवजी सांडपाणी शुद्ध केल्यावर उरणारा गाळ वापरला होता. आधी त्या ढिगाऱ्यात रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर जवळजवळ नव्हतेच, नंतर त्यांची संख्या भरपूर वाढली.

यातून काय कळतं? मेलेल्या दगडालाही जाग येऊ शकते, पण देवघेव सुरू झाली तरच. आणि जी गोष्ट खाणीवर एवढ्या कष्टानं सुरू करावी लागली, ती आपल्या टेकडीवर, शाळेत, अंगणात आधीपासूनच सुरू असते. आपण फक्त ती मोडायची नाही.

तिसरा चोर

आता परत नागपुरात या. फेब्रुवारी-मार्च महिना. पळस फुलला आहे, होळी जवळ आली आहे आणि झाडं पानं गाळत आहेत. रस्त्याच्या कडेला, मैदानात, सोसायटीच्या आवारात पाचोळ्याचे ढीग लागलेत. आणि मग? कोणीतरी काडी लावतं!

हाच तिसरा चोर, आग.

मोठी माणसं म्हणतात, "जळू दे, राख म्हणजे खतच की!" यात निम्मंच खरं आहे. राखेत पालाश राहतं, चुना राहतो, थोडं स्फुरदही राहतं. पण नत्र? ते जवळजवळ सगळं धुरातून उडून जातं. म्हणजे जिवाणूंनी वर्षानुवर्षं खपून हवेतून जे मिळवलं, ते आपण अर्ध्या तासात हवेला परत करतो. शिवाय तो धूर आजी-आजोबांच्या छातीत जातो, ते वेगळंच. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली आणि दंडही ठरवला.

रामटेक-पेंचकडच्या जंगलांत मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून काही जण झाडाखालचा पाचोळा जाळतात. ती त्यांच्या पोटापाण्याची गोष्ट आहे, उगाच नावं ठेवू नयेत. पण पाचोळा झाडून बाजूला केला तरी फुलं वेचता येतात, आणि आग पसरून कोवळी रोपं करपण्याची भीतीही राहत नाही.

पालकहो, एक विनंती तुम्हांलाही. "अंगण स्वच्छ" म्हणजे "जमीन उघडी" असं मुलांना शिकवू नका. सिमेंटवरचा पाचोळा जरूर झाडा. पण झाडाच्या बुंध्याशी पडलेला पाचोळा हा कचरा नाही, ती त्या झाडाची पुढच्या वर्षाची शिदोरी आहे.

तुम्ही काय कराल?

एक. पावसाळ्यात कोणाच्या वावरात किंवा परसात तूर, चवळी, सोयाबीन असेल तर मालकाला विचारून महिना-सव्वा महिन्याचं एक रोप मातीसकट हळूच उपटा. मुळं पाण्यात बुडवून धुवा. मोहरीएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी रंग दिसला, तर समजा की जिवाणू कामावर आहेत!

दोन. जुन्या मच्छरदाणीच्या कापडाच्या दोन पिशव्या शिवा. एकीत सागाची वाळलेली पानं भरा, दुसरीत तेवढ्याच वजनाची गिरिपुष्पाची किंवा करंजाची वाळलेली पानं. जूनमध्ये दोन्ही पिशव्या झाडाखाली पाचोळ्यात पुरा. दर महिन्याला काढून, माती झटकून, वाळवून वजन करा आणि वहीत लिहा. कोणतं पान लवकर संपतं? शास्त्रज्ञसुद्धा जंगलात अगदी असाच प्रयोग करतात.

तीन. तुम्ही लावलेल्या रोपाच्या आळ्यातलं गवत काढलंत तर ते फेकू नका. तिथेच पसरा आणि त्यावर पाचोळा घाला, पण खोडापासून थोडा लांब. आळ्यात पाणी तुंबू देऊ नका. शाळेच्या एका कोपऱ्यात पाचोळ्यासाठी खड्डा मागा. वर्षभरात त्यातून काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाचं खत निघेल.

आणि पुढच्या जुलैत कोणी विचारलं, "यंदा तुमच्या शाळेनं किती झाडं लावली?" तर आकडा जरूर सांगा. पण त्यासोबत हेही सांगता आलं पाहिजे, की गेल्या वर्षीच्या झाडांखाली पाचोळा किती साठला, आणि त्याखालची माती उकरल्यावर किती गांडुळं दिसली. गांडुळांना आकडे फुगवता येत नाहीत. ती असतात, किंवा नसतात.

तुमच्या पिशव्यांची वजनं आणि निरीक्षणं आम्हांला पत्रानं जरूर कळवा हं!